तोंडातलं आपलं न्हाई

सकाळी पावणेसात वाजता कालिंदी मल्लाव गुडघाभर पाण्यात उतरली, हातातल्या चिलापी मासळीचा जबडा अंगठ्याने खाली दाबला आणि तिच्या तोंडातली पिल्लं उजनी धरणाच्या पाण्यात सोडली.

पिल्लं जिऱ्यापेक्षा थोडी मोठी होती. डोळे फुटलेली, शेपट्या हलवणारी. आईच्या तोंडातून बाहेर पडल्यावर ती क्षणभर एकाच जागी घुटमळली आणि मग काठच्या उथळ गवतात शिरली. कालिंदीने मादी पुन्हा घमेल्यात टाकली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि ती पुढे चालू लागली. या कामाचा तिने विचार केला नाही. असल्या कामाचा कुणी करत नाही.

चिलापीची मादी अंडी तोंडात धरते. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस तोंडातच वाढवते आणि तेवढ्या दिवसांत स्वतः काही खात नाही. तिला पकडलं, पाण्याबाहेर काढलं की घाबरून ती पिल्लं ओकायला लागते. बोरवाडीच्या भोयांमध्ये याबद्दल एक रीत होती. जाळ्यात मासा आला तर तो आपला. त्याच्या तोंडात जे आहे, ते मात्र जाळ्यात आलेलंच नाही. ते तिथल्या तिथे धरणाला परत द्यायचं. कालिंदी सून म्हणून आली तेव्हा तिची सासू केराबाई हिने तिला भाकरी थापायला लावण्याआधी हे शिकवलं होतं. "तोंडातलं आपलं न्हाई," एवढंच म्हणाली होती, आणि तिच्या हातातली मादी काढून घेऊन कसं सोडायचं ते दाखवलं होतं.

पण त्या सकाळची मादी जाळ्यातून आलेली नव्हती. ती केंद्राच्या तळ्यातली होती.

हे तळं धरणाच्या काठापासून शंभर पावलांवर, प्लास्टिकचा कागद अंथरून केलेल्या शेततळ्यासारखं होतं. चारी बाजूंनी कुंपण, वरून पक्ष्यांसाठी जाळी, दाराला कुलूप. पुण्याच्या एका मत्स्य-जनुक केंद्राने ते बांधलं होतं आणि बोरवाडीच्या मच्छीमार सोसायटीने त्याला जागा दिली होती. सोसायटीचा चेअरमन पोपट मल्लाव, म्हणजे कालिंदीचा नवरा. प्रयोग बोरवाडीत यावा म्हणून त्याने दोन वर्षं पुण्याच्या खेपा घातल्या होत्या.

त्याची बाजू सरळ होती. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा बाहेरून आलेला मासा. त्याने धरण भरून टाकलं, दुसऱ्यांची अंडी खाल्ली, रोहू-कटल्याचा चारा खाल्ला. वाम आणि मरळ आता बाजारात पाहुण्यासारखी दिसत. चिलापी मात्र कितीही मिळे, आणि जितकी जास्त मिळे तितका तिचा भाव पडे. ती गेली तर बाकीचे मासे परत येतील, असं केंद्राचे लोक सांगत होते.

सभेत याला विरोध झाला होता. काठावरच्या निम्म्या चुली चिलापीवर चालत होत्या. ती गेली आणि वाम आलीच नाही तर खायचं काय, असं बायकांनी विचारलं. एक म्हातारा म्हणाला, पोपटराव, घरातलं मांजर हाकललं म्हणून वाघ राहायला येत नाही. शेवटी ठरलं ते असं : प्रयोग फक्त तळ्यात होईल. त्याचे निकाल सोसायटीपुढे येतील. मग काठावरची सगळी गावं मिळून ठरवतील. त्या ठरावाशिवाय तळ्यातला एकही मासा धरणात जाणार नाही.

प्रयोग काय आहे हे केंद्राच्या डॉ. हेमलता चौगुले यांनी त्याच सभेत समजावून सांगितलं होतं. चौगुले बाई मूळच्या गडहिंग्लजच्या, बोलायला साध्या, आणि माहीत नसेल ते माहीत नाही म्हणणाऱ्या.

मासा असो की माणूस, त्या म्हणाल्या, नवा जीव सुरू व्हायचा तर शुक्राणूला अंड्यात शिरावं लागतं, आणि अंडं कुणालाही आत घेत नाही. शुक्राणूच्या टोकावर काही प्रथिनं असतात. त्यातल्या एकाचं नाव इझुमो. जपानमधल्या लग्नं जुळवणाऱ्या देवाच्या देवळावरून ते ठेवलेलं आहे. बरीच वर्षं शास्त्रज्ञांना वाटत होतं, की हे आणि आणखी एक-दोन प्रथिनं आपापलं काम वेगवेगळं करतात. मग प्रथिनांचे आकार संगणकाकडून ओळखून घेता यायला लागले, आणि दिसलं की इझुमो एकटं नाही. तीन प्रथिनं एकमेकांत हात अडकवून उभी असतात, आणि तिघांच्या मधल्या खाचेत अंड्यावरचं चौथं प्रथिन येऊन बसतं. ते बसलं तरच अंड्याचं दार उघडतं. तिघांपैकी एक जरी नसलं तरी शुक्राणू अंड्याच्या अंगावर डोकं आपटत राहतो.

माशांत हे चौथं प्रथिन आपल्या जातीचा कोण आणि परका कोण हेही पाहतं. म्हणून त्याला दारावरच्या पहारेकऱ्याचं, बाउन्सरचं, नाव मिळालं. केंद्राने चिलापीच्या नरात एक बदल केला होता. त्या नराला स्वतःला काही होत नाही. त्याची पिल्लं जन्मतात, धडधाकट वाढतात. पण त्याच्या लेकी मोठ्या होऊन अंडी घालतात तेव्हा त्या अंड्यांवर पहारेकरीच नसतो, आणि म्हणून दार कधी उघडत नाही. लेक नेहमीसारखी अंडी तोंडात धरते, उपाशी राहते, पण त्यातून काही निघत नाही. नराचे मुलगे मात्र बापासारखेच असतात. ते हाच बदल पुढच्या सगळ्या पिल्लांत उतरवतात, कारण हा बदल जोडीच्या जनुकावर स्वतःची नक्कल करून घेतो. पिढ्यांमागून पिढ्या लेकी वांझ, मुलगे फिरते.

"म्हणजे लेकींची कूस बंद करायची आन् पोरं गावभर सोडायची," मागून कुणीतरी बाई म्हणाली. "ही युक्ती पुरुषालाच सुचायची."

"मलाच सुचली," चौगुले बाई म्हणाल्या. सभा हसली.

कालिंदीला तळ्यावर काम मिळालं ते तिचा हात मासोळीला बसलेला होता म्हणून. चेअरमनची बायको म्हणून नव्हे, असं पोपट सगळ्यांना सांगत असे. तळ्यात केंद्राचे बदललेले नर होते आणि धरणातून आणलेल्या साध्या माद्या. कालिंदीने दर आठवड्याला काही माद्या धरायच्या आणि काठावरून चालत शेडमध्ये पोचवायच्या. पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा नाही, हा नियम चौगुले बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. कालिंदीने तो मोडला असं तिला स्वतःला वाटलं नाही. मासा तिने सोडलाच नव्हता. मासा घमेल्यात होता.

त्या सकाळी शेडमध्ये चौगुले बाईंनी मादीच्या गळ्याखालची कातडी दोन बोटांनी ओढून पाहिली. ती सैल होती. पिल्लं होती का तोंडात, त्यांनी विचारलं. आवाजात संशय नव्हता.

"न्हाई," कालिंदी म्हणाली.

का म्हणाली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. विचारल्या क्षणी तिला एवढंच कळलं, की या प्रश्नाचं खरं उत्तर इथे चुकीचं ठरणार आहे. बाईंना वाटलं, मादीने तळ्यातच पिल्लं टाकली असतील. त्या पुढच्या माशाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना कालिंदीने इकडचं-तिकडचं बोलत विषय काढला. समजा, ह्यातलं एखादं पिल्लू कुणी बगळ्याने उचललं आणि धरणात टाकलं, तर? चौगुले बाईंनी कप खाली ठेवला. मादी असेल तर काही नाही, त्या म्हणाल्या. ती आपली वांझ राहील आणि मरेल. नर असेल तर मात्र एकच पुरे. चिलापी चार-पाच महिन्यांत वयात येते. मग त्याचे मुलगे, त्या मुलांचे मुलगे. दहा-बारा वर्षांत या धरणात चिलापी राहणार नाही, आणि एकदा ते पसरलं की थांबवायची युक्ती आज तरी आमच्याकडे नाही. म्हणून तर वर जाळी घातली आहे.

"आन् वाम परत येईल?"

"ते मला अजून माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तेच तर बघायचं आहे."

कालिंदीने कप विसळून ठेवला. तिच्या मनात एकच हिशेब फिरत होता. त्या तोंडात ओंजळभर पिल्लं होती. ओंजळीत सगळ्या लेकीच कशा असतील?

संध्याकाळी तिने पोपटला सांगितलं. तो जाळ्याचे तुटलेले आस, म्हणजे विणीतले डोळे, सांधत बसला होता. त्याचे हात थांबले. त्याने आधी विचारलं, कुणी पाहिलं का. मग विचारलं, मॅडमला सांगितलंस का. दोन्हीला नाही म्हटल्यावर त्याचे हात पुन्हा चालू लागले.

मग तो बराच वेळ बोलला. धरण केवढं आहे, त्यात ओंजळभर पिल्लं म्हणजे काय. निम्मी बगळ्यांनी खाल्ली असतील, उरलेली मरळीने. सांगून काय होणार? प्रयोग बंद पडेल, पोलीस येतील, वर्तमानपत्रवाले येतील. चाळीस गावं म्हणतील, मल्लावाने बायकोच्या हातून ठराव मोडला. खापर तिच्यावर फुटायचंच नाही, त्याच्यावर फुटेल. बायको अडाणी म्हणून सुटेल, आणि तो कावेबाज म्हणून मरेल.

"तुमाला तर चिलापी जायलाच हवी हुती," कालिंदी म्हणाली.

"जायला हवी हुती. चोरून घालवायची न्हवती."

"मंग सांगू द्या की."

त्याने पुढचा आस सांधायला घेतला.

केराबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. वय सत्तरीच्या पुढचं, एका डोळ्याने कमी दिसणारी, पण कानाने पक्की. ती लेकाला म्हणाली, पोरीने काय चूक केली? मी शिकवलं तेच तिनं केलं. तोंडातलं आपलं नाही, केंद्राचंही नाही आणि सोसायटीचंही नाही. धरणाचं धरणाला गेलं.

"आत्याबाई, ते धरणाचं न्हवतं," कालिंदी म्हणाली. "त्येंचा बाप तळ्यातला हुता."

"बाप कुनाचा बी आसंल. आई धरणातली हुती न्हवं?"

"त्या पिल्लांच्या लेकींच्या तोंडात अंडी ऱ्हातील, पर फुटायची न्हाईत. जन्मभर. आपून सोडली म्हनून."

केराबाईने तिच्याकडे पाहिलं. चिमटा चुलीपाशी ठेवला. मग उठली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. त्या घरात वादाचा शेवट केराबाईने करायचा अशी पद्धत होती. त्या दिवशी तो झाला नाही.

सकाळी कालिंदी शेडवर गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. खोटं बोलले तेही सांगितलं.

चौगुले बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. जागा कुठली? पिल्लांच्या पोटाला पिवळी पिशवी होती का? नव्हती. मग स्वतः पोहत होती का? होती. काठाकडे गेली की आत? गवतात. किती होती?

"ओंजळभर."

"ओंजळ म्हणजे शंभर की तीनशे?"

कालिंदीला सांगता आलं नाही. तिने ओंजळ करून दाखवली. बाईंनी तिच्या हातांकडे बराच वेळ पाहिलं.

"परवाच सांगितलं असतंत तर ती त्याच गवतात होती," त्या म्हणाल्या. मग टेबलापाशी बसल्या, चष्मा काढला आणि डोळे चोळले. "आणि मी नियम करताना तोंडातल्या पिल्लांचं वेगळं सांगायला हवं होतं. मासे मी सतरा वर्षं बघते आहे. असो. नवऱ्याला बोलवा."

पोपट आला. त्याने हात जोडले नाहीत की कांगावा केला नाही. त्याच दिवशी त्याने सोसायटीची सभा बोलावली, सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि चेअरमनपद सोडलं. सभेत त्याला नको नको ते ऐकून घ्यावं लागलं. आतल्या आत ठरवून केलं, असं म्हणणारे बरेच निघाले. आजवर चिलापीला शिव्या देणारेच आता, ती आमच्या पोटाची आहे, असं ओरडून सांगत होते.

चौगुले बाईंनी पर्याय एकच ठेवला. पिल्लं लहान आहेत तोवर फार लांब जात नाहीत. तेव्हा बोरवाडीपासून दोन्ही बाजूंचा काठ बारीक आसाच्या जाळ्याने ओढून काढायचा आणि मिळेल ते प्रत्येक पिल्लू तपासायला द्यायचं. तपासणीला वेळ लागत नव्हता. शेपटीच्या पराचा कणभर तुकडा पुरे होता.

बारीक आसाचं जाळं म्हणजे वडाप. या जाळ्यावर बंदी यावी म्हणून याच सोसायटीने मोर्चे काढले होते, दिसेल ते वडाप जाळलं होतं, कारण त्यात धरणाची उद्याची पिढी गाळून निघते. आता तेच जाळं घेऊन बोरवाडीच्या होड्या पाण्यात उतरल्या. पलीकडच्या गावांतून लोक बघायला आले. काठावर उभं राहून एकाने विचारलं, काय पोपटराव, काल दुसऱ्याचं वडाप जाळलंत, आज स्वतःचं लावलंत? पोपटने मान वर केली नाही. तो ओढत राहिला.

कामाचा खरा अडथळा जाळ्यांचा नव्हता, हातांचा होता. ओढीत पिल्लांबरोबर मोठ्या माद्याही येत, आणि पुष्कळींची तोंडं भरलेली असत. सोडलेली पिल्लं अजून कुणाची आई व्हायच्या वयाची नव्हती, पण भेदरलेली पिल्लं दिसेल त्या मादीच्या तोंडात शिरतात. तेव्हा माद्यांच्या तोंडातली पिल्लंही तपासायला हवी होती. बायका मादी उचलत आणि हात आपसूक पाण्याकडे वळे. पहिल्या दिवशी कितीतरी तोंडं बादलीऐवजी धरणात रिकामी झाली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कालिंदी एकेकीचा दंड धरून बादलीकडे वळवत होती आणि शिव्या खात होती. तुझ्यापायी हे पाप आम्हाला, असं तिची सख्खी जाऊ तिला सगळ्यांसमोर म्हणाली.

तिसऱ्या दिवशी केराबाई काठी टेकत काठावर आली. तिने बादली स्वतःपुढे ओढून घेतली, खाली बसली आणि हात पुढे केला. कालिंदीने तिच्या हातात मादी दिली. म्हातारीने अंगठ्याने जबडा दाबला आणि तोंड बादलीत रिकामं केलं. नंतर दुसरी मागितली. त्या दिवसापासून बायकांचे हात पाण्याकडे वळेनासे झाले. घरी गेल्यावर केराबाई जेवली नाही. तिने कालिंदीला एवढंच सांगितलं, की हे मी तुला शिकवलं नव्हतं, आणि तूही कुणाला शिकवू नकोस.

बदल असलेली पिल्लं सापडत गेली. सुरुवातीला रोज, मग दोन-चार दिवसांनी एखादं, मग बंद झाली. त्यात नर होते तसे माद्याही होत्या. चौगुले बाईंना सगळ्यांत जास्त छळत होता तो आकडा त्यांच्याकडे नव्हताच. किती सोडली होती ते ठाऊक नसेल, तर किती उरली ते कसं कळणार? त्यांनी कालिंदीला पुन्हा ओंजळ करायला लावली, तीत पाणी आणि पिल्लं घालून मोजून पाहिली. दर वेळी आकडा वेगळा आला. प्रयोग स्थगित झाला. तळ्यातले नर मारून जाळण्यात आले. केंद्राने चौकशी लावली. तिच्यात चौगुले बाईंनी सगळ्यांत आधी स्वतःचं नाव घेतलं.

पोपट आणि कालिंदी आता एकाच होडीवर जातात. त्याच्याशी भागीला दुसरं कुणी तयार नाही. बोलणं कामापुरतं. एकदा भाकरी खाता खाता तो म्हणाला, की तिने सांगितलं नसतं तर त्यालाही झोप लागली नसती, पण हे त्याने कुणाजवळ कबूल केलं नसतं. ती म्हणाली, आता केलंत की. तेवढ्यावर तो हसला, आणि लगेच जाळं ओढायला लागला.

काठावरची गावं आता दोन तटांत विभागली आहेत. काही म्हणतात, झालं ते बरं झालं, पसरू दे, वाम येईल. काही म्हणतात, मल्लावांना काठावरून उठवा. दोन्ही बाजूंच्या सभांना कालिंदी जाते. विचारलं तर जे घडलं ते सांगते, स्वतःचं मत सांगत नाही.

गेल्या मंगळवारी, त्या सकाळनंतर सहा महिन्यांनी, धरणाच्या भिंतीजवळून, बोरवाडीपासून बऱ्याच लांबून, आलेल्या नेहमीच्या नमुन्यांत एका चिलापीत बदल आढळला. चौगुले बाईंनी फोन केला तेव्हा कालिंदी होडीत होती. तिने विचारलं, नर की मादी. नर, बाई म्हणाल्या. हाताच्या बोटाएवढा. तो त्याच ओंजळीतला असेल आणि कुपोषणाने खुरटला असेल, तर तो वयात येण्याआधी सापडला आणि गोष्ट तिथेच संपली. पण तो त्या ओंजळीतल्या कुणाचा मुलगा असेल, तर दुसरी पिढी सुरू झालेली आहे. बोटाएवढ्या चिलापीचं वय अंगावरून सांगता येत नाही. माशाच्या कानात एक हाडाचा खडा असतो, त्यावर रोज एक वलय चढतं, आणि ती मोजली की वयाचे दिवस कळतात. तो खडा काढून कोलकात्याला पाठवला आहे.

वलयं मोजून अजून आलेली नाहीत.